दम धरायचा म्हणजे काय करायचं

माझ्या मुलीने लग्नाआधी एकच अट घातली, आणि तीही नवऱ्या मुलाला नाही, मला.

"पप्पा, हळदीला तुम्हीच वाजवा. पण वरचा सूर फुटला ना, तर मी त्याच सेकंदाला बेंजोवाल्याला हात करणार. मग तोंड पाडून बसायचं नाही."

बेंजोवाला म्हणजे तो गृहस्थ, जो कीबोर्डवर एक बटण दाबून ट्रंपेट वाजवतो, दुसरं दाबून सनई आणि तिसरं दाबून वीस व्हायोलिनं. गाल फुगत नाहीत, ओठ सुजत नाहीत, मध्येच थांबून चहाही पिता येतो. मी त्याच्याशी कधी वाईट वागलो नाही, पण चांगलाही वागलो नाही.

अट घालण्याचा तिला पूर्ण हक्क होता, हे मी मान्य करतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याची हळद झाली. आम्ही शिरवण्याचे, मूळ गाववाले, आणि आमच्या आळीची एक रीत आहे. हळदीच्या संध्याकाळी बायकांचे लग्नाचे धवले गाऊन झाले की आमचा ब्रास बँड एक जुनी चाल धरतो. चाल हळूहळू चढत जाते, शेवटी ट्रंपेट एकटाच उरतो आणि एक उंच सूर लावतो. त्या सुरावर पहिलं बोट हळदीचं. तोवर सगळ्या बायका हळदीच्या वाटीत बोटं बुडवून, श्वास रोखून उभ्या. पुतण्याच्या वेळी तो सूर माझ्याकडे होता. मी छाती भरली, डोळे मिटले, ओठांवर ट्रंपेट दाबला आणि जे काही बाहेर आलं ते ऐकून मागच्या ओटीवरून कुणीतरी ओरडलं, "आरं, त्या बोकराला कोनी तरी सोरा रं!"

त्याचा व्हिडिओ निघाला. व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेला. पुतण्याने त्यातला फक्त माझा सूर कापून स्वतःच्या मोबाइलची रिंगटोन केली. तेव्हापासून कुठल्याही बारशाला, साखरपुड्याला, अगदी एका तेराव्यालासुद्धा, मध्येच कुठूनतरी मी फुटतो.

आता तुम्ही विचाराल, ज्याला वरचा सूर लागत नाही त्याच्याकडे तो सूर आला कसा? दातांमुळे. माझ्या नाही, मास्तरांच्या.

मास्तर म्हणजे आमच्या बँडचे मास्तर. पूर्वी मिठागरात काम करायचे, मग खाडीत मासे धरायचे, मग नव्या शहरासाठी गावची जमीन गेली तेव्हा काहीच करायचे नाहीत. ट्रंपेट मात्र सगळा वेळ वाजवायचे. तो वरचा सूर आमच्या गावात चाळीस वर्षं त्यांचा होता. मी सोळा वर्षांचा असताना त्यांनी माझ्या हातात ट्रंपेट दिला आणि मला दुसरी बाजू शिकवली, म्हणजे खालची. मिरवणुकीत मास्तर पुढे, मी त्यांच्या मागे. चौतीस वर्षं मी त्यांची पाठ पाहत वाजवलं. मग त्यांचे पुढचे दात गेले, कवळी आली आणि कवळीचं आणि ट्रंपेटचं जमेना. जोर लावला की कवळी आपली वेगळीच चाल धरायची. मास्तर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि वरचा सूर वारसाहक्काने माझ्याकडे आला. बँडात दुसरा ट्रंपेट उरलाच नव्हता.

तर हळदीला तीन आठवडे होते.

मी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीत स्टोअरकीपर आहे. माझा स्वभाव नोंदी ठेवण्याचा आणि पद्धतशीर. मी ठरवलं, रोज तास-दीड तास रियाज करायचा. पहिल्या दिवशी घरात केला. आमची आळी इतकी अरुंद आहे की समोरच्या घरातल्या माणसाला शिंक आली तर मी रुमाल देऊ शकतो. पंधरा मिनिटांत समोरच्या काकी खिडकीत आल्या. फक्त खिडकीत बसून मिरच्यांची देठं काढत माझ्याकडे बघत राहिल्या. असं बघणाऱ्या बाईसमोर कुणालाही वरचा सूर लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो. स्टेशनच्या पार्किंगमध्ये एका कोपऱ्यात गाडी लावली, काचा वर केल्या, ट्रंपेटच्या तोंडात टॉवेल कोंबला आणि सुरू केलं. माझी पद्धत तीच: छाती काठोकाठ भरायची, श्वास गळ्यात घट्ट रोखून धरायचा, मनात तीन मोजायचे आणि सोडून द्यायचा. चौथ्या का पाचव्या वेळी काचेवर थाप पडली. मी काच खाली केली. वॉचमन होता.

"साहेब, बरे आहात ना? अटॅक वगैरे?"

"नाही हो, वाजवतोय."

"आवाज कुठे येतोय?"

"तोच प्रॉब्लेम आहे."

त्याने आत वाकून आरशाकडे बोट दाखवलं. मी पाहिलं. कोकमाच्या सरबताचा रंग होता माझ्या चेहऱ्याला. कपाळावरची शीर अशी उठली होती की तिच्यावर कपडे वाळत घालता आले असते.

तिसऱ्या ठिकाणी मी खाडीकडच्या पाणथळीवर गेलो. मोकळं रान, ना काकी ना वॉचमन, समोर गुलाबी फ्लेमिंगो चिखलात चोची घालून उभे. मला वाटलं, यांच्यासारखा प्रेक्षक नाही; निदान मान खाली घालून ऐकतात. मी टॉवेल काढला आणि पूर्ण ताकदीने सूर मारला. एका झुडपामागून एक माणूस उभा राहिला. हिरवे कपडे, डोक्यावर हिरवी टोपी, हातात माझ्या ट्रंपेटपेक्षा लांब लेन्स. तो पहाटेपासून तिथे पोटावर पडून होता. फ्लेमिंगो उडाले होते, सगळे, एकदम.

"अंकल," तो फार सभ्यपणे म्हणाला, "मी चार तास वाट बघतोय. ते आता जवळ येणारच होते."

"सॉरी. तुमचा फोटो गेला का?"

त्याने कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा बदलला. "नाही... उडताना मस्त आलाय." मग जरा संकोचून म्हणाला, "अंकल, अजून एकदा जमेल?"

दोन वर्षांत माझ्या वरच्या सुराला मिळालेली ती पहिली फर्माईश. पण ओठ सुजले होते. माउथपीसचं लाल कडं ओठांवर उमटलं होतं, दाढी करताना कुठे वळायचं ते कळावं असं. घरी गेल्यावर बायकोने नीट पाहिलं आणि म्हणाली, "अहो, लग्न मुलीचं आहे. तुम्ही का लिपस्टिक लावून फिरताय?"

दुसऱ्या दिवशी ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. बीपी वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "दम लागतो का?"

मी म्हणालो, "लागत नाही, धरतो."

"म्हणजे?"

"धरायला सांगितलाय."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. गोळ्या मिळाल्या.

हळदीला अकरा दिवस उरले तेव्हा मी अभिमान गिळून मास्तरांकडे गेलो. ओटीवर बसले होते, समोर बोंबलाची पिशवी, माशा हाकलत. मी सगळं सांगितलं: अट, बेंजोवाला, डॉक्टर. फ्लेमिंगोंचं ऐकून ते खूश झाले. म्हणाले, "बस हितं. माज्या पुढ्यान वाजव."

लक्षात घ्या, छत्तीस वर्षांत मी त्यांच्या पुढ्यात बसून वाजवण्याची ही पहिलीच वेळ. मी त्यांची पाठ पाहिली होती, त्यांनी माझं तोंड कधी पाहिलंच नव्हतं.

मी छाती भरली. श्वास गळ्यात रोखला. एक, दोन...

"थांब," मास्तर म्हणाले. "काय करतंस?"

मी श्वास रोखलेलाच होता, त्यामुळे बोलता आलं नाही. मी बोटाने खूण केली, की थांबा, चाललंय.

"आरं, तोंड बग तुजं! वांगं झालंय! फुंक ना! दम कशाला धरून बसलास?"

मी श्वास सोडला. "तुम्हीच सांगितलंत मास्तर."

"मी? कवा?"

"पहिल्या दिवसापासून! मिरवणुकीत तुम्ही दर दोन मिनिटांनी मागे वळून ओरडायचात. दम धर, बाला, दम धर! प्रत्येक हळदीत. प्रत्येक वरातीत. मी तेव्हापासून प्रत्येक सुराआधी दम धरतोय."

मास्तरांचा हात मध्येच थांबला. हातातला माशा हाकलायचा पुठ्ठा तसाच हवेत.

"बाला," ते हळूच म्हणाले, "तू चालीच्या म्होरं पलायचास. ताशा मागं, तू म्होरं. म्हनून बोलायचू, दम धर. म्हंजे घाई करू नको, यवरंच."

"श्वास रोखून धर असं नाही?"

"श्वास रोखून? आरं, श्वास रोखला तं मानूस मरतंय!"

आणि मग ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग खुर्ची हलली, मग कवळी सुटली. त्यांनी ती हातात धरली आणि दात हातात घेऊन हसत राहिले. आतून त्यांची सून धावत आली, तिला वाटलं काहीतरी वाईट झालं. खरं तर तिचा अंदाज चुकीचा नव्हता. छत्तीस वर्षं मी एका वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ घेऊन जगलो होतो. खालचे सूर दम अडकवूनही कसेबसे निघतात, म्हणून चोरी पकडली गेली नव्हती. वरचा सूर तेवढा उदार नव्हता.

पुढचे आठ दिवस कामावरून सुटलो की मी मास्तरांच्या ओटीवर. त्यांनी माझ्याकडून जे करून घेतलं ते ऐकायला फार सोपं आहे, आणि म्हणूनच करायला महाकठीण.

पहिली गोष्ट, ट्रंपेट मुठीत धरायचा नाही. उघड्या तळहातावर ठेवायचा, हळदीचं ताट धरतात तसा, आणि ओठांना नुसता टेकवायचा. "तोंडान कोंबू नको," मास्तर म्हणाले. "टंपेट हाय, वरापाव नाय." तळहातावर ठेवला की दाबताच येत नाही, दाबायला गेलं की तो मागे सरकतो आणि समोरच्याला कळतं.

दुसरी गोष्ट, छाती काठोकाठ भरायची नाही. मला वाटायचं सूर जितका उंच तितकी हवा जास्त. उलट! वरच्या सुराला हवा थोडीच लागते, पण बारीक आणि वेगात. मास्तरांनी उठून अंगणातली पाण्याची नळी हातात घेतली, तोंडावर अंगठा ठेवला आणि पाणी थेट समोरच्या स्कूटरवर उडवलं. "पानी वारवलं का मी?" "नाही." "मंग लांब कसं गेलं? भोक ल्हान केलं. तुजं ओठ म्हंजे माजा आंगठा. कोपरं घट्ट, मदला भाग मऊ." स्कूटरवाला घरातून बाहेर आला. मास्तर म्हणाले, "शिकवतंय." तो आत गेला.

तिसरी गोष्ट जिभेची, आणि ती मी आजही लोकांना कारण नसताना सांगतो. खालच्या सुराला जीभ तोंडात खाली, वरच्याला वर, टाळूजवळ. मला जमेना. जीभ कुठे आहे हे माणसाला बोलताना कळतं, गप्प असताना कळत नाही. मास्तर म्हणाले, "खालच्या सुराला मनान बोल 'तो'. वरच्याला बोल 'ती'. तो, ती, तो, ती. कशाला हसतंस? बोल. तुज्या घरान वर कोन?"

"ती."

"मंग?"

मी 'तो' म्हणत खालचा सूर लावला, 'ती' म्हणत जीभ उचलली आणि बोटंसुद्धा न हलवता सूर आपोआप वरच्या पायरीवर जाऊन बसला. मी दचकून ट्रंपेट खाली ठेवला. माझ्या मागे कुणीतरी वाजवलं असं वाटलं.

आणि चौथी गोष्ट, तीच: दम धरायचा नाही. श्वास आत आला की वळायचं आणि बाहेर, मध्ये मुक्काम नाही. झोका मागे जातो आणि तिथेच पुढे यायला लागतो, तसा. ही सवय मोडायला सगळ्यात त्रास झाला. सूर जवळ आला की गळा आपोआप दार लावून घ्यायचा. मास्तर पुठ्ठ्याने खांद्यावर मारायचे. "सोड! सोड रं!"

हळदीच्या तीन दिवस आधी, रविवारी दुपारी, मी घरात आतल्या खोलीत दार लावून हळू आवाजात वाजवत होतो. अगदी बारीक. तो, ती. तो, ती. मग आणखी वर. शेवटचा सूर तीन वेळा लागला. पातळ, सुईसारखा, पण न फुटलेला. मी आनंदाने बाहेर आलो, तर स्वयंपाकघरात बायको कुकर उघडून उभी होती आणि तुरीच्या डाळीचा दाणा दाताखाली धरून बघत होती.

"तीन शिट्ट्या झाल्या, मी मोजल्या," ती म्हणाली. "डाळ कच्ची कशी?"

मी तिला मिठीच मारली. तिला वाटलं, डाळीचं सांत्वन करतोय. त्या दिवशी आम्ही जेवायला उशिरा बसलो आणि मी कच्ची डाळसुद्धा आनंदाने खाल्ली असती.

आता हळद.

मांडव दारातच. संध्याकाळचा उजेड अजून होता. मुलगी पाटावर बसलेली, पिवळ्या साडीत, आणि बेंजोवाला मांडवाच्या कोपऱ्यात कीबोर्ड मांडून, बोट बटणावर. मुलीने त्याला खरंच बोलावलं होतं. "बॅकअप," ती म्हणाली. माझी बहीण, म्हणजे मुलीची आत्या, हळदीने भरलेली मोठी पितळी वाटी दोन्ही हातांत धरून तिच्या डोक्याशी उभी, कारण वाटी धरायचा मान आत्याचा. सात-आठ बायकांनी वाटीत बोटं घातलेली. मास्तर पुढच्या ओळीत खुर्चीवर, नवा सदरा. पुतण्याने मोबाइल वर धरलेला, रिंगटोन बदलण्याच्या आशेने.

धवले संपले. बँड सुरू झाला. ताशा मागे, मी त्याच्याबरोबर. आयुष्यात पहिल्यांदा मी चालीच्या पुढे पळालो नाही. चाल चढत गेली. एकेक वाद्य गळालं. उरला माझा ट्रंपेट, तळहातावर टेकवलेला. मी श्वास घ्यायला ट्रंपेट जरा खाली केला आणि मुलीकडे पाहिलं.

ती माझ्याकडेच बघत होती. अट घालणारी मुलगी कुठे गेली होती कोण जाणे. तिथे पाटावर चार-पाच वर्षांची ती बसली होती, शाळेच्या दारात सोडून मी निघालो की माझ्याकडे बघायची तशी. आणि तिने, फक्त मला धीर यावा म्हणून, ओठांतल्या ओठांत म्हटलं, "दम धरा, पप्पा."

मी धरला.

छत्तीस वर्षांची सवय, आठ दिवसांत कुठली मरायला? गळ्याचं दार धाडकन लागलं. छाती भरलेली, श्वास अडकलेला, ओठ जागेवर आणि आवाज शून्य. बायकांची बोटं वाटीतच. बेंजोवाल्याने मान पुढे काढली. मुलीचा हात, मला तो स्पष्ट दिसला, मांडीवरून अर्धा इंच उचलला गेला.

मास्तर खुर्चीतून उठले. उठवत नाही त्यांना, पण उठले. आणि सबंध मांडवाला ऐकू जाईल असं ओरडले, "सोड! सोड रं!"

मी सोडला.

आणि माझ्या बहिणीनेही सोडली. वाटी.

तिचं म्हणणं, तिला वाटलं मास्तर तिला सांगतायत. दोन्ही हातांतली ती भरलेली पितळी वाटी सरळ मुलीच्या डोक्यावर, तिथून खांद्यावर आणि तिथून मांडीत. आणि त्याच क्षणी सूर निघाला. 'ती'. वर, अगदी वर, बारीक आणि सरळ, खाडीपलीकडे जाईल असा. मुलगी डोक्यापासून कमरेपर्यंत पिवळी, पापण्यासुद्धा पिवळ्या, तोंड उघडं. मला हसू फुटायला लागलं. पण सूर फुटता कामा नव्हता. हसू पोटात आणि सूर ओठांत अशा दोन गोष्टी मी कितीतरी वेळ एकदम सांभाळल्या, आणि सांगतो, त्याहून कठीण वादन मी आयुष्यात केलेलं नाही. मग मुलीनेच हसायला सुरुवात केली आणि मी सूर नीट, हळूच, पाय न वाजवता खाली उतरवला.

मांडवात जो गोंधळ झाला त्यात मुलीने पिवळा हात वर केला. बेंजोवाल्याला वाटलं खूण झाली, त्याने बटण दाबलं आणि चुकून व्हायोलिनं लागली. नंतर तोच माझ्याजवळ आला, जरा खाली मान घालून. "काका, तो आवाज कुठल्या टोनमध्ये सापडतो?" मी त्याला चहा दिला. आता आमचं चांगलं आहे.

मास्तरांनी 'दम धर'चा सगळा किस्सा मांडवभर सांगितला आणि मला एवढंच म्हणाले, "उशिरा आला. पन आला." माझी बहीण त्यांच्याशी अजून बोलत नाही. पुतण्याची रिंगटोन बदलली. आता सूर लागतो आणि मागून वाटी पडल्याचा ठण्ण आवाज येतो. मुलीने निकाल दिला, "फुटला नाही. पण हळद सांडली. ते अटीत नव्हतं, म्हणून पास."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि संध्याकाळी पाठवणी. सासर खांदेश्वरला, म्हणजे इथून अर्ध्या तासावर. मला दररोज जाता येईल, आणि म्हणूनच बायकोने जाऊ नका म्हणून आधीच बजावलं होतं. तरी गाडीच्या दारात मुलगी माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. हुंदके थांबेनात. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अशा वेळी आपल्याकडचे बाप जे म्हणतात ते म्हणून गेलो.

"दम धर गं, बाळा."

तिने मान वर केली. डोळ्यांतून पाणी, नाकाचा शेंडा लाल. माझ्याकडे नीट पाहिलं. मग तिने सरळ छाती भरली, गाल फुगवले, ओठ घट्ट मिटले आणि श्वास रोखून उभी राहिली, हुबेहूब माझ्यासारखी. एक. दोन. तीन. चेहरा लाल व्हायला लागला. जावई घाबरला, सासूबाई पुढे आल्या.

मी तिचा हात धरलेला होता. तेही मला कळलं नव्हतं.

"सोड," मी म्हणालो, आणि आधी मीच सोडला.